पायजमा, चिखल्या आणि व्हॅसलीनची डबी

आधी गुन्हा कबूल करते, मग बाकीचं. पेठजवळच्या एका पाड्यावर राहणाऱ्या मावशीच्या अकरा कोंबड्यांचे पाय बिघडले, ते माझ्यामुळे. म्हणजे मी काही त्यांच्यावर गाडी घातली नाही. मी फक्त एक गिफ्ट दिलं होतं.

तर झालं असं. फ्रीलान्सर माणसाचं कायमच वर्क फ्रॉम होम. घरी बसून बसून डोक्यात नको ते शिरतं. कुणाच्या डोक्यात बेकिंग, कुणाच्या गिटार, माझ्या डोक्यात कोंबड्या. त्यातही साध्या नाही, ब्रह्मा! इन्स्टावर नक्की पाहिल्या असतील तुम्ही. टेडी बेअरएवढं धूड आणि पायांवर थेट बोटांपर्यंत पिसंच पिसं, बेलबॉटम घातल्यासारखी. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलेलं असलं तरी ही जात घडली एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत, चीनमधून नेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून. एका पेट शॉपमधून मी जोडी आणली आणि नाशिकच्या आमच्या टू बीएचकेच्या टेरेसवर ठेवली. पंधरा दिवस सॉलिड कौतुक झालं. सोळाव्या दिवशी कोंबडा पहाटे चारला आरवला. अठराव्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन.

मग मला मावशीची आठवण झाली. माझी आई पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. पावसाळ्यात रोज सीबीएसवरून एसटीनं जाणं-येणं व्हायचं नाही, म्हणून ती मावशीकडे खोली घेऊन राहायची, आणि शाळेला सुट्टी लागली की मीही तिथेच. मावशी आजही आईला 'बाई' म्हणते आणि मला 'बाईंची पोरगी'. तिच्याकडे मोकळं अंगण, कोंबड्या आधीपासून. मी जोडी टोपलीत घातली, टोपली गाडीत ठेवली आणि सावळघाट, करंजाळी, कोटंबीचा घाट करत पन्नासेक किलोमीटर जाऊन ती मावशीच्या हवाली केली. येताना नागलीचे पापड घेऊन आले. आपण फार मोठं काम केलं, अशी माझी तेव्हाची भावना होती, हे लिहिताना आता जरा लाज वाटते.

मावशीनं ब्रह्मा कोंबडीकडे पाहिलं आणि जागच्या जागी नाव ठेवलं, 'पायजमा'.

चिखल्या नव्हेत

वर्ष उलटून गेलं. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन गेले, तर मावशीचा मूड ऑफ. बाजारच्या दिवशी तिनं तिचा तांबडा कोंबडा विकायला नेला होता. गावरान कोंबडा, भरलेला, सहाशेच्या खाली द्यायचा नाही असं ठरवून. व्यापाऱ्यानं त्याचा पाय उचलून पाहिला, बाजूच्याला दाखवला, दोघं हसले आणि तीनशे बोलले. नातवाच्या बारावीच्या परीक्षेची फी भरायची होती. तिनं दिला.

आपल्यासाठी तीनशे रुपये म्हणजे एका मल्टिप्लेक्स तिकिटाचा हिशेब. मावशीचं मात्र एटीएम म्हणजे हे खुराडं. भात-नागलीचं पीक वर्षातून एकदा. पोरगा आणि सून दिवाळी झाली की दिंडोरीकडे द्राक्षाच्या मळ्यांत कामाला जातात, पैसे हातात यायला वेळ लागतो. मधल्या काळात डॉक्टर, पुस्तकं, पाहुणा, लग्नाचा आहेर, सगळं अंडी आणि कोंबड्यांवर चालतं. अशा वेळी कोंबडा निम्म्या भावात जाणं म्हणजे आपला अर्धा पगार कापला जाण्यासारखंच.

"चिखल्या झाल्यात सगळ्यांना," मावशी म्हणाली. पेठच्या पावसात चार महिने अंगणात चिखल. माणसांच्या पायांना चिखल्या होतात, कोंबड्यांना का होऊ नयेत? लॉजिक बरोबर होतं. पावसाळा सरला की सुकतील, म्हणून ती थांबली. सुकल्या नाहीत. मग कुणीतरी सांगितलं म्हणून गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून लावलं. दोन कोंबड्यांची कातडी त्यानं सोलून निघाली.

मी एक कोंबडी हातात घेतली. तुम्ही कधी कोंबडीचा पाय नीट पाहिलाय? निरोगी पायावर खवले एकावर एक बसलेले असतात, घट्ट आणि गुळगुळीत, कौलारू छपरासारखे. हिच्या पायावरची कौलं वादळात उचकटल्यासारखी उभी होती आणि फटींमधून चुन्यासारखा पांढरट थर बाहेर आलेला. पाय दुपटीनं जाड. एका म्हातारीचं तर एक बोट झडूनच गेलं होतं. ती लंगडत, अंग चोरत भिंतीकडेनं चालत होती.

दुसऱ्या दिवशी दोन कोंबड्या डालग्यात घालून आम्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी एक खवला चिमट्यानं हलकेच उचलला, खालचा कोंडा पाहिला आणि सांगितलं की ही चिखली नाही, कोंबडीची खरूज आहे.

आपल्याला, म्हणजे माणसाला, खरूज देणारा किडा असतो ना, त्याचाच हा चुलतभाऊ. इंग्रजीत माइट, आपले शेतकरी कोळी म्हणतात, कारण कोळ्यासारखेच आठ पाय. शास्त्रीय नाव 'नेमिडोकॉप्टेस म्युटन्स'. आकार अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. खवल्याच्या फटीतून आत शिरतो, कातडीत बोगदा खणतो आणि तिथेच संसार थाटतो. मादी अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लंच देते. दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. कोंबडीची कातडी स्वतःला वाचवायला जाड होत जाते, तो पांढरा थर म्हणजे हाच सगळा मलबा. माणसाला हा किडा लागत नाही आणि अंडी खायलाही धोका नाही, हे ऐकून मला हायसं वाटलं. मावशीनं तो प्रश्न विचारलाही नव्हता.

तिनं विचारलं ते वेगळंच. "पण आला कुठनं?"

डॉक्टर म्हणाले, बहुतेकदा नव्या कोंबडीबरोबर येतो. रात्री एका दांडीवर अंगाला अंग लावून बसतात, तिथे पसरतो. खूप हळू पसरतो, त्यामुळे लक्षात येईपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात. नवीन काही आणलं होतं का?

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. हे तिचं मोठेपण.

घरी येऊन मी पायजम्याला धरलं आणि पायांवरची ती सुंदर, फोटोजेनिक पिसं बाजूला केली. आत सगळा चुना. गावठी कोंबड्यांचे पाय उघडे, त्यांचं निदान पाहिल्याबरोबर होतं. हिचं वर्षभर कुणाला कळलंच नाही. कदाचित दुकानातून आणली तेव्हाच ते तिच्या अंगावर होतं. मी शंभर फोटो काढले होते तिचे, एकदाही पाय उलटा करून पाहिला नव्हता.

ग्लासगोवरून फोन

आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाहीये. माझी कॉलेजमधली मैत्रीण ग्लासगोला आयटीत आहे. रविवारी ती एका तबेल्यात घोड्यांची सेवा करायला जाते, तिकडे लोक हौसेनं असं फुकट राबतात. त्या रात्री मी तिला हे सगळं रडगाणं ऐकवलं, तर ती हसायलाच लागली. तिच्या तबेल्यातल्या क्लाइड्सडेल घोड्याला डिट्टो हाच ताप!

क्लाइड्सडेल म्हणजे स्कॉटलंडचा अवजड घोडा, पूर्वी नांगर आणि गाड्या ओढणारा. आपल्याकडे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जे मारवाडी, काठियावाडी घोडे दिसतात, त्यांचे पाय सडसडीत. क्लाइड्सडेलच्या किंवा इंग्लंडच्या शायरच्या गुडघ्याखाली मात्र केसांचे मोठे झुपके असतात, खुरांवर झालरीसारखे पसरलेले. त्याला तिकडे 'फेदर' म्हणजे चक्क पीसच म्हणतात. आणि त्या झुपक्यात राहणारा माइट म्हणजे 'कोरिऑप्टेस'. घोडा रात्रभर पाय आपटतो, खांबाला घासतो, चावून चावून रक्त काढतो. हिवाळ्यात जास्तच. गंमत म्हणजे तिथेही आधी सगळ्यांना वाटलं की हा चिखलाचाच आजार, कारण टाचेमागच्या खपल्या अगदी तशाच दिसतात. ग्लासगो असो की पेठ, आळ आधी पावसावरच.

पण दोन किड्यांमध्ये एक फरक आहे आणि उपाय ठरतो तो त्याच्यावरच. घोड्याचा कोरिऑप्टेस कातडीच्या वर राहतो, कोंडा खातो, आत खणत नाही. त्यामुळे नुसतं इंजेक्शन देऊन तो हमखास मरत नाही, औषध रक्तात आणि साहेब बाहेर पृष्ठभागावर! त्याला गाठायचं तर आधी ते झुपके कापावे लागतात. प्रदर्शनात घोडा नेणाऱ्या मालकांच्या डोळ्यांत तेव्हा पाणी येतं म्हणे, कारण सगळी शान तिथेच. मग औषधी शाम्पूनं पाय धुवायचे, खपल्या मऊ करून काढायच्या, पाय पूर्ण कोरडे करायचे आणि डॉक्टर देतील तो स्प्रे कातडीपर्यंत पोचवायचा. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना एकाच वेळी, खाजत असो वा नसो. खालचं गवत-पेंढा काढून टाकायचा, ब्रश आणि पट्टेसुद्धा धुवायचे. घोड्याच्या अंगावरून गळलेला कोंडा खायला मिळत राहिला तर हा किडा घोड्याशिवायही दोन महिन्यांच्या वर तग धरतो. म्हणजे घोडा बरा करून त्याच जुन्या गोठ्यात बांधला की पहिले पाढे पंचावन्न.

मावशीचा किडा उलट. त्याचा सगळा संसार कातडीच्या आत, कोंबडीपासून दूर फार काळ जगत नाही. पण बोगद्यात बसलेला असल्यानं वरून पाण्याचा नुसता फवारा मारून त्याला काही होत नाही. त्याचा श्वास बंद करावा लागतो. आणि इथे माझ्या पर्समधली व्हॅसलीनची डबी कामाला आली.

पार्लर, पाड्यावरचं

आयव्हरमेक्टिन हे औषध या किड्यावर चालतं. कोविडमध्ये उगाच गाजलेलं नाव तुम्हाला आठवत असेल. जपानच्या सातोशी ओमुरांना मातीतल्या जिवाणूत सापडलेल्या मूळ द्रव्यापासून हे आलं आणि २०१५चं नोबेल त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना मिळालं, ते परजीवींवरच्या याच कामासाठी. पण कोंबडीला ते वजनाप्रमाणे अगदी मोजून, डॉक्टरांच्या हातूनच द्यायचं आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची किंवा विकायची नाहीत. मावशीला अंडी बंद परवडणार नव्हती. म्हणून डॉक्टरांनी ते फक्त बोट झडलेल्या म्हातारीला आणि पायजम्याला दिलं. बाकीच्या नऊ जणींसाठी घरगुती इलाज, कष्टाचा पण खात्रीचा.

अंधार पडल्यावर कोंबड्या दांडीवर बसल्या की बिचाऱ्या अगदी शांत होतात, पकडायला धावाधाव लागत नाही. एकेक उचलायची. घमेल्यात कोमट पाणी आणि साबण. गुडघ्यापर्यंत पाय बुडवून पाच-दहा मिनिटं धरायचे. पहिलीनं पंख फडफडवून माझ्या नव्या कुर्तीचा निकाल लावला. तिसरीपर्यंत मला कळलं की तिला कुशीत घेऊन डोळ्यांवर पदर टाकला की ती गप्प बसते, झोपतेसुद्धा. अक्षरशः पेडिक्युअर! मग जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच घासायचं. सुटेल तेवढाच मळ सोडवायचा. खवला ओढून काढायचा मोह जाम होतो, पण ओढला की रक्त येतं आणि जखमेत दुसरंच काहीतरी भरतं. कापडानं पाय टिपून कोरडे केले की व्हॅसलीनचा जाड थर, प्रत्येक खवल्याच्या खाली जाईल असा, बोटांच्या मधेसुद्धा.

माझी हिवाळ्यात ओठांना लावायची पंचवीस ग्रॅमची डबी दोन कोंबड्यांत संपली. रात्री आठला पाड्यावर दुसरी कुठून आणणार? मावशी आत गेली आणि खुरासणीच्या तेलाची बाटली घेऊन आली. स्वयंपाकाचं तेल, त्यांच्याच शेतातल्या खुरासणीचं. क्षणभर ती बाटली हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "भाजीला पुढच्या आठवड्यात घालू." कुठलंही दाट खाद्यतेल चालतं, किड्याला हवा मिळाली नाही म्हणजे झालं. जळक्या ऑइलनंही हवा बंद होतेच, पण ते विषारी, कातडी जाळतं, आणि कोंबडी चोचीनं पाय साफ करते तेव्हा पोटात जातं. रॉकेलचंही तेच. जुन्या लोकांच्या तोंडी हा उपाय अजून आहे, जगभर आहे.

पायजम्याचं प्रकरण शेवटी घेतलं, कारण ते सगळ्यात किचकट. घोड्याचे केस मशीननं उडवता येतात. कोंबडीच्या पायावरचं नवं उगवणारं पीस कापलं तर त्यातून भळाभळा रक्त येतं, कारण वाढत्या पिसात रक्तवाहिनी असते. म्हणून एकेक पीस बोटानं बाजूला करून खाली तेल चोपडायचं. अर्ध्या तासानं ती कोंबडी कमी आणि तळलेली पापडी जास्त दिसत होती.

दर चार-पाच दिवसांनी हेच, किमान महिनाभर. दोन-तीन पिढ्या किड्यांच्या मोडायच्या तर मधे सोडून चालत नाही. मी अर्थातच दुसऱ्या दिवशी डेडलाईनसाठी नाशिकला परत आले. पुढचे सगळे दिवस मावशीनं एकटीनं, दिवसभर शेतातलं काम उरकून, रात्री कंदिलासारखा मोबाईलचा टॉर्च लावून नऊ-दहा कोंबड्यांचे पाय घासले. माझा वाटा म्हणजे कुरिअरनं पाठवलेले व्हॅसलीनचे दोन मोठे डबे आणि एक डझन टूथब्रश.

खुराड्याचं मात्र सूनबाईनं मनावर घेतलं, द्राक्षाच्या कामाला जायच्या आधी. बसायच्या जुन्या बांबूला उभ्या चिरा गेल्या होत्या, तो जाळला. नवा गुळगुळीत दांडा बसवला. खुराडं खरवडून उकळतं पाणी ओतलं, कडक ऊन दिलं. पिल्लं झाकायचं डालगं शेजारणीकडून आणलेलं होतं, तेही उकळत्या पाण्यानं धुवून मगच परत गेलं. शेजारणीच्या कोंबड्यांचे पायही उलटे करून पाहिले, दोघींना सुरुवात झालेली होती. खवल्यांच्या कडा जरा उचललेल्या, वर पावडर मारल्यासारखं. इतक्या लवकर सापडलं तर दोन-तीन वेळा तेल लावूनसुद्धा भागतं.

आणि नवा नियम. बाजारातून, पाहुण्यांकडून किंवा, मावशीच्या शब्दांत, "शहरातून" काहीही आलं तरी पहिला महिना वेगळ्या डालग्यात. महिनाभर दर आठवड्याला पाय बघायचे. मग खुराड्यात एन्ट्री.

बाय द वे, तुमच्यापैकी कुणाकडे पिंजऱ्यात बजरीगर असतील तर आज घरी गेल्यावर त्यांच्या चोचीच्या मुळाशी बघा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बारीक भोकांचा करडा थर दिसला तर तो याच खानदानातल्या दुसऱ्या किड्याचा प्रताप. तिथे घरी प्रयोग नकोत. एवढ्याशा पक्ष्याला तेल चोपडलं तर पिसं चिकटून तो गारठतो. पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या.

पाय मोजताना

सगळं गोड झालं असं नाही. बोट झडलेली म्हातारी थंडीत गेली. औषधानं किडे मेले असावेत, पण ती आधीच दाण्यापर्यंत पोचायला थकत होती. तांबड्या कोंबड्याचे तीनशे रुपये गेले ते गेले. मी ते देऊ केले, तर मावशीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गुपचूप पाकीट आत ठेवलं. बाकीच्यांचा पांढरा थर महिना-दीड महिन्यात गळून पडला, लंगडणं थांबलं. जुने वाकडे खवले मात्र लगेच सरळ होत नाहीत, कात टाकल्यासारखे हळूहळू बदलत जातात, वर्षही लागू शकतं. व्यापाऱ्याला ते पुढच्या दिवाळीपर्यंत दिसणार आणि तो भाव पाडणार. मावशी म्हणते, तोवर अंडीच विकू.

माझा पहाटे चारला आरवणारा ब्रह्मा कोंबडा होळीला गेला. कसा, ते विचारू नका. पायजमा मात्र गावठी कोंबड्याबरोबर सुखात आहे. गेल्या आठवड्यात मावशीच्या नातवानं व्हिडिओ कॉल लावला. पायजमा खुडूक बसली होती, तिची सात पिल्लं निघालीयत. पाचांच्या पायांवर पिसांची लव. मावशीनं एकेक पिल्लू उचलून कॅमेऱ्यासमोर उलटं धरलं, बोटानं लव बाजूला केली आणि मला दाखवलं, एक, दोन, तीन... सातही स्वच्छ.

मग विचारलं, "एक देऊ का गं पाठवून?"

मी टेरेसकडे पाहिलं. सेक्रेटरींची खिडकी उघडीच होती.